दोन आखूड, एक लांब, एक आखूड

बफ बे, जमैका
११ जानेवारी १९९८

व्हेरोना,

माझ्या डोळ्यांना काही झालेलं नाही. हे आधीच लिहून टाकतो, म्हणजे पुढं कटकट नको. माणूस चौऱ्याहत्तरचा झाला की ज्याला त्याला त्याच्या गुडघ्यांची नि डोळ्यांची काळजी. दवाखान्यात गेलो होतो ते सिंक्लेअरला सोबत म्हणून. तिथल्या पोरसवदा डॉक्टरणीनं त्याला सोडून मलाच खुर्चीत बसवलं, हनुवटी टेकवायला लावली, डोळ्यात उजेड मारला. तिला काहीतरी म्हणायचं होतं, ती म्हणाली. मी ऐकून घेतलं. विषय संपला.

तू बोटीनं पाठवलेलं सामानाचं पिंप मिळालं. तांदूळ ठीक आहे, साबण ठीक आहे. मोजे सहा जोड कशाला? पाय दोनच आहेत, आणि इथं बर्फ पडत नाही.

आता कामाचं. मी आणि सिंक्लेअर फेब्रुवारीत गाडी घेऊन सगळ्या बेटाला चक्कर मारणार आहोत. तो अडतीस वर्षं माझ्या बसच्या दारात लटकला, तिकिटं फाडली, टोपल्या टपावर चढवल्या, पण बफ बे ते किंग्स्टन हा डोंगरातला रस्ता सोडला तर त्यानं काही बघितलेलं नाही. आपल्याकडं सूर्य समुद्रातून वर येतो, पश्चिमेला समुद्रात बुडतो म्हणतात. त्याला ते बघायचंय. त्याची बायको गेल्यापासून माझ्या ओट्यावर बसून तो हेच बोलतो. म्हटलं, चल, एकदाचं बघ आणि गप्प बस.

उत्तरेच्या किनाऱ्यानं जाऊ, नेग्रिलला वळू, दक्षिणेनं किंग्स्टनला येऊ आणि मग डोंगरावरनं घरी. मोठा रस्ता मला माहीत नाही असं नाही. पण ड्रायव्हरनं आपल्या रस्त्यानं घरी यावं.

माझ्या छोट्या लाडा गाडीला मी आपल्या बसचा हॉर्न बसवलाय. आपली बस ‘पेशन्स’ भंगारात गेली तेव्हा तेवढा काढून ठेवला होता. दोन आखूड, एक लांब, एक आखूड. परवा बाजाराजवळ एकदाच वाजवला, तर मिस आयव्ही, वय ऐंशी, डोक्यावर टोपली घेऊन बाहेर आली आणि बस कुठं लावलीस म्हणून माझ्यावरच डाफरली. बारा वर्षं झाली बस बंद पडून. मी तिला तसं सांगितलं तर म्हणते, मग हॉर्न कशाला वाजवतोस मेल्या, मी भाताचं आधण उतरवून आले.

फोन करू नकोस. दुकानातला फोन सगळं गाव ऐकतं.

तुझा बाप,
यूस्टेस पिनॉक

*

टोरांटो
२५ जानेवारी १९९८

पपा,

मी डोळ्यांचं विचारलंच नव्हतं. मागच्या पत्रात मी फक्त मोज्यांचं लिहिलं होतं.

तुमचं पत्र जेवणाच्या सुट्टीत डेपोत बसून वाचलं. मग दुसऱ्यांदा वाचलं नाही, नुसतं बघितलं. प्रत्येक ओळ कागदाच्या डावीकडं चार बोटं सोडून सुरू होते. आणि उजवीकडं शेवटचा शब्द काठावरून खाली लोंबतो. तुम्ही मला शाळेच्या वहीत रेघ मारून द्यायचात, आठवतं? रेघेपासून सुरू कर, कागद फुकट घालवू नकोस म्हणायचात.

डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या?

इथं डोळे तपासल्याशिवाय बस हातात देत नाहीत. मी दर वेळी त्या खुर्चीत बसते आणि नळीतून बघते. मला माहितीये ती हनुवटी टेकवायची खुर्ची कशाची असते ते.

सिंक्लेअरकाकांना घेऊन जरूर फिरा. त्यांना सूर्य दाखवा. पण येताना डोंगरावरून येऊ नका. अ‍ॅनोटो बेच्या मोठ्या रस्त्यानं या. एवढं ऐका माझं.

ऑगस्टमध्ये तीन आठवडे रजा मिळतेय. येतेय.

व्हेरोना

*

नेग्रिल
१० फेब्रुवारी १९९८

व्हेरोना,

कागद कुठून सुरू करायचा ते माझं मी बघीन. पोस्टात कागद ढिगानं मिळतो.

आम्ही पोचलो. गाडी तक्रार न करता चालली. पहिल्या दिवशी पोर्ट मारियापर्यंत सिंक्लेअर सीटवर टेकायलाच तयार नव्हता, अर्धा लोंबकळत खिडकीतून बाहेर. कुठं गाडी हळू केली की ओरडतो, कोण उतरतंय, चला लवकर. ओचो रिओसला दोन गोऱ्या बाया रस्ता ओलांडत होत्या. त्यांना म्हणाला, ताई, आत सरका, मागं जागा आहे. त्या पळाल्या.

माँटेगो बेला गर्दी फार. तिथं कुणी हॉर्न ऐकत नाही, नुसते वाजवतात. मी माझा वाजवला तर कुणी मान वळवली नाही. साहजिक आहे. तिथं मला कोण ओळखतो? आपल्या डोंगरात एका हॉर्नवर पंधरा घरांत चूल पेटायची, ते त्यांना काय माहीत.

लुसी गावाच्या पुढं रस्ता समुद्राला चिकटून जातो. एका बाजूला पाणी, दुसरीकडं खडक, मधनं ट्रक येतात. कुणी जवान ड्रायव्हर असता तर घाम फुटला असता. मी एकदाही ब्रेक घासला नाही. सिंक्लेअर आपला बसच्या सवयीनं म्हणतच होता, डावीकडं एक हात जागा आहे, चल. डावीकडं दीड हात, चल. डावीकडं थांब, बकरी. आता चल. म्हातारा झाला पण आवाज तोच आहे, घोगरा पण पक्का.

काल संध्याकाळी सूर्य बघितला. एका कोळ्याच्या खोपटासमोर बसलो, त्यानं तळलेला मासा नि कसाव्याच्या कंदाची भाकरी दिली. सिंक्लेअरनं टोपी काढून मांडीवर ठेवली. बायकोच्या अंत्यविधीलासुद्धा त्यानं ती एवढा वेळ काढली नव्हती. सूर्य बुडाला. त्यानं थोडा वेळ वाट बघितली आणि म्हणाला, एवढंच? सकाळी उठल्यावर मात्र म्हणतो, ड्रायव्हर, आजचा दिवस राहू या का, नीट बघायचं राहिलं.

म्हणून राहिलोय.

मीही बघितला. बरोबर समोर होता, मधोमध. स्वच्छ दिसला. डॉक्टरणीला सांग.

यूस्टेस पिनॉक

*

बफ बे
१७ फेब्रुवारी १९९८

व्हेरोना,

घरी पोचलो, कळवायचं म्हणून कळवतो.

मिडल क्वार्टर्सला बायका पिशवीतून तिखट कोळंबी विकतात. सिंक्लेअरनं तीन पिशव्या खाल्ल्या आणि मँडेव्हिलपर्यंत जीभ बाहेर काढून बसला. मिडल क्वार्टर्सच्या पुढंच बांबूचा रस्ता लागतो, दोन्हीकडनं बांबू वर जाऊन एकमेकांना भिडलेत. दोन मैल देवळात गाडी चालवल्यासारखं वाटतं. स्पर ट्रीचा चढ दुसऱ्या गिअरात घेतला. मागं चार लॉऱ्या होत्या, एकानंही हॉर्न मारला नाही. बघत असतील शिकण्यासारखं काहीतरी.

किंग्स्टनला एक रात्र राहिलो. मग घरी.

गाडीचा डावीकडचा पुढचा दिवा फुटलाय. दिवे फुटतात. गाडी सध्या सिंक्लेअर चालवतो, त्याला सराव पाहिजे म्हणून. मला इथं बसून बरीच कामं आहेत.

विचारायचं काही नाही.

यूस्टेस

ता.क. हे सिंक्लेअर लिहितोय. पाकीट चिकटवून टाकायला त्यानं माझ्याकडं दिलं, म्हणून जागा दिसली तिथं लिहितो. कोबीवाल्याला काही झालं नाही बेटा, खरचटलंसुद्धा नाही. काळजी करू नको. बाकी तो सांगेल. मी सांगणार नाही असं त्याला वचन दिलंय, आणि हे काही सांगणं नाही.

*

टोरांटो
३ मार्च १९९८

पपा,

कोबीवाला कोण?

कोबी डोंगरात पिकतो, म्हणजे तुम्ही डोंगरावरून आलात. दोन्ही पत्रं समोर ठेवून बसलेय. नेग्रिलच्या पत्रात सिंक्लेअरकाका डावीकडचं अंतर सांगतायत. पपा, ‘पेशन्स’ आठ फूट रुंद होती, तेव्हा ते दारात उभं राहून अंतर सांगायचे. लाडाला अंतर कशाला सांगावं लागतं? तुम्हाला वाटतं ते सवयीनं ओरडत होते. ते सवयीनं ओरडत नव्हते. ते तुमचा डोळा झाले होते, आणि तुम्ही दोघांनी मिळून ते मला कळू द्यायचं नाही असं ठरवलं.

मी चिडलेय. खूप चिडलेय. आणि डेपोत कुणाला सांगताही येत नाही, कारण तिथं मी पंधरा वर्षं तुमच्याच गोष्टी सांगत आलेय. सहा वर्षांची असताना मी तुमच्या बाजूला इंजिनाच्या गरम झाकणावर बसायचे, चटके बसू नयेत म्हणून खाली गोणपाट. तुम्ही वळणाच्या आधी हॉर्न द्यायचात आणि मग इंजिनाचा आवाज दाबून समोरून हॉर्न येतो का ते ऐकायचात. मला म्हणायचात, वाजवणं म्हणजे अर्धं काम, ऐकणं म्हणजे उरलेलं. नवीन पोरं बस शिकायला येतात, त्यांना मी हेच शिकवते. त्यांना वाटतं मी कुठल्या पुस्तकातलं बोलते.

म्हणून खरं सांगा. दिसतं की नाही दिसत? आणि पुन्हा स्टिअरिंगमागं बसणार की नाही? दोनच प्रश्न आहेत. तिसरा नाही.

तुमची,
व्हेरोना

*

बफ बे
१६ मार्च १९९८

व्हेरोना,

ओरडायला तुझी आई तरी बरी होती, ती भांडी आपटून मोकळी व्हायची. तू मोजून मापून ओरडतेस.

ठीक आहे. एकदाच लिहितो.

काचबिंदू आहे. डावा डोळा जवळजवळ गेला, उजव्याची कड जायला लागलीय. समोरचं दिसतं, बाजूचं दिसत नाही. थेंब दिलेत, ते घालतो. गेलेलं परत येत नाही, आहे ते धरून ठेवायचं, असं ती डॉक्टरीण म्हणाली. वयानं नातीसारखी आहे, पण शब्द घोळवत नाही. मला पटली. सिंक्लेअरला हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं, कारण दवाखान्यात तो माझ्या सोबतीला आला होता, मी त्याच्या नाही. मी त्याला म्हटलं, मला एकदा सगळं बेट गाडीतनं बघायचंय, अजून मधोमध दिसतंय तोवर. तो म्हणाला, सूर्य बुडताना मीही बघितला नाही, ही चक्कर माझ्या नावावर घाल.

आता कोबीवाला.

सेक्शन गावावरनं खाली बफ बेकडं उतरत होतो. दुपार, आभाळ कोरडं, रस्ता कोरडा. मोडक्या कठड्याचं वळण तुला माहितीये, जिथं तू एकदा उलटी केली होतीस. आधी हॉर्न दिला. दोन आखूड, एक लांब, एक आखूड. इंजिनाचा आवाज दाबून ऐकलं. उलट हॉर्न आला नाही, म्हणजे गाडी नाही. वळलो.

सिंक्लेअर त्या वेळी डावीकडं बघत नव्हता. मान पार मागं वळवून धबधबा बघत होता. अडतीस वर्षं त्या वळणावर तो दरीकडं पाठ करून माणसं मोजत उभा राहिला. त्या दिवशी पहिल्यांदा हात रिकामे होते, म्हणून बघितलं. त्याला बोल लावायचा नाही. तोंडानं अंतर सांगायला तो माझा नोकर नव्हता, आणि डोंगरात तसं चालवायचं नसतं हे मला कळायला पाहिजे होतं.

कठड्याला लागून डाव्या अंगाला हातगाडी उभी होती, कोबीनं भरलेली. लॅसेल्स म्हणून एक माणूस दोरी आवळत होता. गाडीला काहीतरी लागलं एवढंच मला कळलं. दिवा फुटला, हातगाडी आडवी झाली आणि कोबी उतारानं घरंगळत सुटले. लॅसेल्स कठड्यावर उडी मारून चढला होता. त्याच्या पलीकडं दरी. कठडा तिथं मोडकाच आहे.

मी उतरलो. लॅसेल्स कठड्यावरनं खाली आला, टोपी काढली, आणि माझीच माफी मागायला लागला.

मी विचारलं, हॉर्न ऐकू आला नाही का तुला?

तो म्हणाला, “आला ना, ड्रायव्हर. म्हणून तर हललो नाही.”

तुला कळलं ना, काय झालं ते? दुसऱ्या कुणाचा हॉर्न असता तर त्यानं हातगाडी ओढून पलीकडच्या अंगाला लावली असती. सगळे तसंच करतात. पण त्यानं ‘पेशन्स’चा हॉर्न ओळखला. लहानपणी त्याची आई त्या हॉर्नवर कणकेचे गोळे, आपले डंपलिंग, पातेल्यात सोडायची. त्याला माहीत होतं की पिनॉक डावीकडं हातभर जागा सोडून जातो. बारा वर्षांनी का होईना, पिनॉक हातभर सोडूनच जाणार. म्हणून तो दरीच्या कडेला पाठ करून निवांत दोरी आवळत राहिला.

आवाज ऐकून वरच्या घरांतली माणसं आली. दहा-बारा असतील. मिस आयव्हीची बहीण पण होती, तिच्याहून तिखट. सगळी लॅसेल्सवरच तुटून पडली. वळणावर गाडी लावतात का, डोकं आहे का, ड्रायव्हरचं आयुष्य गेलं या रस्त्यावर, त्यांच्याकडनं चूक होणारच नाही. आणि तो गाढव मान खाली घालून हो म्हणत होता. चूक माझी, ड्रायव्हर, चूक माझी.

व्हेरोना, अडतीस वर्षांत माझ्या बसखाली कोंबडी आली नाही. त्याचा मला गर्व आहे, तो मी कधी लपवला नाही. पण त्या दिवशी माझ्या त्याच नावापायी दुसरा माणूस दोषी ठरत होता, आणि मी गप्प राहिलो असतो तर सगळ्यांनी मान डोलावली असती. ते मला झेपलं नाही.

मी मोठ्यानं म्हणालो, “चूक त्याची नाही. मला डावीकडचं दिसत नाही.”

कोबी अजून खाली कुठंतरी आपटत होते, त्यांचा आवाज येत होता. मग मिस आयव्हीची बहीण म्हणाली, “मग उभा काय राहिलास? खाली बस, काहीतरी गरम घे.” आणि पुदिन्याचा चहा आणायला गेली. तेवढ्यावर ते मिटलं. मग सगळ्यांनी मिळून कोबी गोळा केले. दरीत गेले ते गेले, उरलेले आमच्या गाडीत भरले आणि लॅसेल्सला मागं बसवून बाजारात पोचवला. वाटभर तो मला डंपलिंगच्या गोष्टी सांगत होता, आईच्या.

गाडी सिंक्लेअरनं चालवली. मी म्हटलं, तुला कुठं येते? तर पाकिटातनं लायसन काढलं. एकोणसत्तर साली काढलेलं, दर वेळी गुपचूप नवं करून घेतलेलं. मी विचारलं, इतकी वर्षं बोलला का नाहीस? म्हणतो, बोललो असतो तर बसच्या मालकानं मला दुसरी बस दिली असती, आणि मग तुला अंतर कोण सांगणार होतं? पन्नास वर्षं ओळखतो मी या माणसाला. मला वाटलं होतं त्याचं सगळं मला माहितीये.

तो कोंबडीसारखी चालवतो. दहा हात जाऊन थांबतो, बघतो, मग पुढं. वळण आलं तर हॉर्नकडं हात नेला त्यानं. मी हात धरला. म्हटलं, हा माझा आहे, तू तुझा काढ. त्यानं जुना, गाडीचा स्वतःचा हॉर्न वाजवला, एकच, लांब, बकरी ओरडल्यासारखा. डोंगराला नवीन होता तो. पण वरच्या वळणावरनं ट्रकवाल्यानं उत्तर दिलं आणि थांबला. म्हणजे चालतोय.

तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर. परवा लायसन घेऊन ठाण्यात गेलो. तिथला सार्जंट जुना प्रवासी निघाला, किंग्स्टनच्या शाळेत माझ्याच बसनं जायचा. तो म्हणाला, ड्रायव्हर, ठेवा तुमच्याकडं, आठवण म्हणून. मी म्हटलं, आठवण मला आहे, कागद तू ठेव. टेबलावर ठेवला आणि निघालो. उन्हात चालत घरी आलो. रस्त्यात तिघांनी हाक मारली, ड्रायव्हर, कुठं निघालात पायी? मी हात वर केला. ड्रायव्हर म्हणायचं थांबवायला मी कुणाला सांगितलेलं नाही.

तू लिहिलंस की नवीन पोरांना तू ऐकायला शिकवतेस. ते मी सिंक्लेअरला वाचून दाखवलं. त्यानं बाजारात सांगितलं. आता मिस आयव्ही भेटेल त्याला सांगते की टोरांटोच्या सगळ्या बस पिनॉकच्या पोरीच्या हाताखाली आहेत. मी तिची चूक दुरुस्त केलेली नाही.

हॉर्न लाडावरनं काढला. घासून, तेल देऊन फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवलाय, तुझ्या मोज्यांच्या शेजारी. ऑगस्टमध्ये येशील तेव्हा बसवायला दहा मिनिटं लागतात, पाना मी देईन. गाडी तू चालवशील, मी इंजिनाच्या झाकणावर बसणार नाही, सीटवर बसीन. वाजवायचा कसा ते तुला सांगायला नको. एक सांगतो. डावीकडं हातभर जागा सोड. कायम, प्रत्येक वळणाला, कुणी दिसो न दिसो. तो हॉर्न ऐकून आपल्या डोंगरात माणसं बाजूला होत नाहीत.

डोळ्यांचं, लायसनचं आणि कोबीचं सांगायचं ते सांगून झालं. यावर मी आता एक अक्षरही लिहिणार नाही. विचारू नकोस.

यूस्टेस पिनॉक
ड्रायव्हर